गुदैबियातली उसनी सासू

बहारीनहून परत आल्यापासून सांगलीत जो भेटतो तो दोन प्रश्न विचारतो. सोनं स्वस्त आहे का, आणि उंट पाहिला का. सोन्याच्या दुकानात मला कुणी नेलं नाही आणि उंट मला दिसला नाही. मी पाहिला तो घुमट. पाहिला कमी, ऐकला जास्त. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं मडकं, एका तोंडावर कातडं ताणून बसवलेलं. गोव्यातले आणि तळकोकणातले ख्रिस्ती लोक सणासुदीला तो बडवतात. माझी मुलगी राहते त्या इमारतीत तो तळमजल्यावर वाजत होता आणि मी दुसऱ्या मजल्यावर झोपायचा प्रयत्न करत होतो. माझं प्रवासवर्णन खरं म्हणजे एवढंच आहे. पण एवढ्यावर कुणी चहासुद्धा पाजत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जायचं कारण

जून महिन्यात बहारीनला जाऊ नये, असं बहारीनमधल्या प्रत्येकाने आम्हाला सांगितलं. फक्त ते आम्ही तिथे पोहोचल्यानंतर सांगितलं. मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात आहे. उन्हाळ्याची टंचाई संपेपर्यंत आमच्याकडे रजा हा शब्द उच्चारत नाहीत. त्यामुळे शहाण्णवच्या जूनमध्ये, सांगलीकर आभाळाकडे बघत असताना, मी आणि सुमती मनामाच्या विमानतळाबाहेर उभे होतो आणि कुणीतरी तव्यावरचं झाकण काढून तोंडासमोर धरावं तशी हवा अंगावर येत होती.

घ्यायला मीनल आली होती, आमची एकुलती एक मुलगी. आणि तिच्यामागे दोन पावलं अंतर ठेवून आग्नेल.

हा आग्नेल वेंगुर्ल्याकडचा, ख्रिस्ती. तिथे मीना सलमान बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसर दुरुस्त करतो. मीनल पुण्यात शॉर्टहँडच्या क्लासला असताना दोघांची ओळख झाली आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी रजिस्टर लग्न केलं. साक्षीदार म्हणून मी सही केली. सुमती आली नाही. त्या दिवशी तिने घरातले सगळे डबे खाली काढून घासले. पुढे मुलीशी फोन सुरू झाले, पण आग्नेलचा विषय निघाला की तिला एकदम गॅसवरचं काहीतरी आठवायचं. आताही निघताना तिने शेजारणींना स्वच्छ सांगितलं होतं, की मी मुलीला भेटायला चालले आहे.

आग्नेल विमानतळावर वाकून पाया पडला. सुमती मीनलला म्हणाली, "ह्यांना सांग, ती निळी बॅग जपून ठेवा, त्यात पीठ आहे."

पिठाचं सांगायला हवं. त्या वर्षी आषाढ अधिक होता आणि आम्ही उतरलो तोवर तो नुकताच लागला होता. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं, तीस-तीन अनारसे तांब्याच्या ताटात घालून, वर दिवा लावून. आमच्या घरात हे चुकलेलं नाही. म्हणून सुमतीने अनारशाचं पीठ सांगलीतच केलं, तांदूळ भिजवून, वाळवून, गूळ घालून मुरवून. खसखस मात्र मीनलने फोनवरून सक्त मनाई करून आणू दिली नाही. आखातात खसखस सापडली तर तुरुंगात टाकतात. ज्या देशात खसखशीवर पहारा असतो तिथे लोक राहतात कसे, हे सुमतीला शेवटपर्यंत उमगलं नाही. अनारसे रव्यावर थापायचे ठरले.

पण वाण जावयाला द्यायचं नव्हतं. मनामाच्या बाजारात एक जुनं देऊळ आहे, तिथल्या पुजाऱ्याला द्यायचं, असं ती घरूनच ठरवून आली होती. जावई नसेल तर ब्राह्मणाला दिलेलं चालतं, असं तिने मला विमानात सांगितलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. खाली समुद्र होता.

पहिल्याच संध्याकाळी मीनलने मला स्वयंपाकघरात गाठलं. ती हळू आवाजात बोलत होती, पण बोलणं ठाम होतं. "बाबा, आईने बोलावल्याशिवाय तो सांगलीला येणार नाही. आणि त्याला सोडून मी येणार नाही. तुम्ही परत जाल तेव्हा हे असंच राहिलेलं असेल, तर पुन्हा मी हा विषय काढणार नाही."

मला महिनाभराची मुदत मिळाली होती. खात्यातली पाइपलाइनची कामंही मी कधी महिन्याभरात उरकलेली नाहीत.

गुदैबिया

गुदैबिया ही मनामातली जुनी, दाट वस्ती; मीनलचं घर तिथेच. एकेका गल्लीत मल्याळी हॉटेल, पंजाबी हॉटेल, न्हावी, शिंपी आणि 'कोल्ड स्टोअर'. कोल्ड स्टोअर म्हणजे आपलं किराण्याचं दुकान. नाव ऐकून मी थंडाव्यासाठी आत गेलो आणि बटाटे घेऊन बाहेर आलो. दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा नसतं. संध्याकाळी मात्र खालून इतक्या भाषा वर येतात, की नुसतं ऐकून दमायला होतं.

पाण्याच्या बाबतीत माझी तिथे पुरती फजिती झाली. सकाळी थंड पाण्याचा नळ सोडून खाली उभा राहिलो आणि ओरडत बाहेर आलो. गच्चीवरची टाकी उन्हात उकळत असते. मग आग्नेलने समजावलं, की बाबा, उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा आणि त्याचं पाणी घ्यायचं, ते सावलीतलं असतं. गरम नळाला थंड आणि थंड नळाला गरम. पाणीपुरवठ्यात सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला हे एका कॉम्प्रेसरवाल्याकडून ऐकावं लागलं. पुढे महिनाभर मी चुकीचाच नळ सोडत होतो.

मुलगा शांत होता. आमच्याशी पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न करायचा आणि चौथ्या वाक्याला घसरून मालवणीत यायचा. पहाटे कोपऱ्यावरच्या इराणी भट्टीतून परातीएवढा खुब्ज आणून ठेवायचा, त्यांची ती भाकरी आणि नान यांच्या मधली रोटी. सुमतीचा अधिक महिना म्हणून घरात मासे बंद केले होते. ते कुणी सांगितलं नव्हतं, त्यानेच केलं. स्वतःला हामूर खायचा असला की ताट घेऊन तळमजल्यावर रोझीमावशीकडे जायचा. मी एकदा जिन्यात त्याला तोंड पुसताना पकडलं. तो शाळकरी पोरासारखा लाजला. हे मी सुमतीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." पण पानात वाढताना ती अजूनही मीनलकडे बघूनच विचारायची, "ह्यांना भात हवाय का?" आणि मीनल त्याला विचारायची, आणि तो मीनलला सांगायचा. साधी आमटी फिरायला त्या घरात दहा मिनिटं लागत.

आता रोझीमावशी. आग्नेलच्याच गावची, साठीची, विधवा, आखातात निम्मं आयुष्य गेलेली. तळमजल्यावरच्या तिच्या दोन खोल्यांतून आसपासच्या एकट्या पुरुषांना जेवणाचे डबे जायचे. संध्याकाळी कामावरून सुटलेली ती सगळी मंडळी तिच्याकडे जमायची आणि सुरू व्हायचा घुमट. खरा घुमट एकच होता, विमानातून मांडीवर बसून आलेला. बाकीचे दूध पावडरीचे डबे आणि तेलाचे कॅन बडवायचे. जोडीला झांजा आणि एक व्हायोलिन, जे वाजवणारा वाजवण्यापेक्षा माफीच जास्त मागायचा. तालीम चालली होती सांजांवाची.

मी तक्रार करायला खाली गेलो होतो. रोझीमावशीने बसवलं, सोलकढी दिली आणि मला समजावलं. सांजांव म्हणजे संत जॉनचा सण. गावाकडे त्या दिवशी बाप्ये डोक्यावर फुलापानांचा मुकुट घालतात, त्याला कोपेल म्हणतात, आणि गाजतवाजत घरोघर जाऊन विहिरींत उड्या मारतात. पण खरा मान जावयांचा. सासुरवाडीची माणसं त्याला बोलावतात, सासू त्याच्या डोक्यावर कोपेल ठेवते, हातात फळांची टोपली देते आणि मग तो उडी मारतो. सण चोवीस जूनचा, पण बहारीनमध्ये सगळ्यांचे सण शुक्रवारी येतात, कारण सुट्टी तेव्हाच. चर्चचा रविवारसुद्धा इथे शुक्रवारी असतो.

"आणि आग्नेलला कोण देतं?" मी विचारलं.

"माझ्याशिवाय कोण?" ती म्हणाली. "दोन वर्सां उसनी सासू झालंय त्याची."

मी सोलकढी पिऊन वर आलो. तक्रार करायची राहिली. एकाच महिन्यात, एकाच जिन्याच्या वर आणि खाली, दोन बायका जावयाच्या सणाची तयारी करत होत्या. एकीला जावई नव्हता, निदान तिच्या मते, आणि दुसरीला मुलगी नव्हती.

शुक्रवार

शुक्रवारी सकाळी बुदैयाच्या बाजूला एका मळ्यात जायचं होतं. मळेवाल्या बहारीनी म्हाताऱ्याचा पंप आग्नेलने कधीतरी दुरुस्त केला होता, म्हणून त्याने खजुरांना पाणी द्यायची आपली टाकी वापरायला दिली. विहिरीच्या जागी टाकी. अटी दोनच: मळ्यात दारू आणायची नाही आणि दुपारच्या अजानीआधी सगळं खलास.

त्याआधी सुमतीला देवळात जायचं होतं. तिने पहाटे उठून अनारसे तळले. मोजून ताटात रचले, वर तबकडी झाकली, निरांजन, वात, बत्तासे असं सगळं घेतलं. आग्नेलने आम्हाला कुणाच्या तरी गाडीतून बाजारात पोहोचवलं आणि तो बाहेरच थांबला. ताटात काय आहे आणि ते कुणाला जाणार आहे, हे त्याला मीनलने सांगितलं असणार. त्याने ताट मात्र दोन्ही हातांनी उतरवून दिलं.

देवळात मराठी आणि गुजराती बायकांची ही गर्दी. अधिकाचा शुक्रवार, वर सुट्टीचा दिवस. पुजारी वयस्क होता, घामाघूम झाला होता. त्याने आमच्या ताटाकडे न बघताच भिंतीकडे बोट केलं, की माताजी, उधर रख दीजिए. भिंतीशी वाणांची रांग लागली होती. ताटावर ताट, बत्ताशांवर नारळ, आणि खालून मुंग्यांची त्याहून शिस्तीची रांग. सुमतीने विचारलं, हे खातं कोण? पुजारी प्रामाणिक होता. म्हणाला, मला मधुमेह आहे, संध्याकाळी ज्याला हवं तो घेऊन जातो.

सुमतीने देवाला हात जोडले आणि ती ताट घेऊन बाहेर आली. गाडीत ताट तिच्या मांडीवर होतं.

बसचं वर्णन करण्याचं त्राण माझ्यात नाही. गल्लीच्या तोंडाशी भाड्याची मिनीबस उभी होती आणि ती भरण्याआधीच आवाजाने भरली होती. पुरुषांच्या डोक्यांवर कोपेल चढले होते. जूनच्या बहारीनमध्ये रानवेली कुठून येणार? रोझीमावशीने खजुरीची पाती, बोगनवेल आणि मल्याळी फुलवाल्याकडची मोगऱ्याची माळ गुंफून काम भागवलं होतं. वरच्या खिडक्यांतून पाकिस्तानी, बंगाली, मल्याळी डोकी बाहेर आली. समोरच्या न्हाव्याने अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच दाराशी आणलं. 'विवा सांजांव' अशी आरोळी उठली की दुधाचे डबे कडाडत, आणि प्रत्येक कडाडण्याबरोबर माझं डोकं ठणकत होतं. आमच्याकडे गणपतीत मी स्वतः लेझीम खेळलेलो आहे, पण तो आवाज आपला असतो. दुसऱ्याचा आवाज फार मोठा असतो, हे मला चोपन्नाव्या वर्षी गुदैबियात कळलं. सुमती ताट धरून सरळ बसली होती. वळणावर तिचा एक हात आपोआप अनारशांवर जायचा.

टाकी

मळा छान होता. खजुरांच्या सावलीत हवा थोडी माणसांत आलेली. टाकी म्हणजे सिमेंटचा मोठा हौद, पाणी हिरवट. खोली बघायला तज्ज्ञ म्हणून मला पुढे केलं. मी बांबू बुडवून गंभीरपणे मान हलवली. मग 'सासऱ्यांना पण मान' असं काहीसं कोणीतरी ओरडलं आणि तज्ज्ञ कपड्यांसकट टाकीत गेला. पाणी छातीपर्यंत होतं, हे त्यामुळे नक्की झालं. एक चप्पल अजून तिथेच आहे.

मी सदरा पिळत बाहेर आलो तेव्हा जावयांचा मान सुरू झाला होता. एकेकाचं नाव पुकारायचे. कुणाची सासू खरोखरीची होती, कुणासाठी शेजारीण उभी राहत होती. डोक्यावर कोपेल, हातात टोपली, घुमटाचा गजर आणि धप्प.

आग्नेलचं नाव आलं. तो पुढे येऊन उभा राहिला, उघड्या डोक्याने. रोझीमावशीने कोपेल उचलला, दोन पावलं टाकली आणि थांबली. मग वळून सुमतीसमोर आली.

"बाय, ह्यो तुमचो जावय," ती म्हणाली. "मी दोन वर्सां चालवून घेतलंय. आता खरी सासू हयसर बसलेली असताना मी कित्याक पुढे होऊ?"

घुमट थांबला. आठवडाभरात पहिल्यांदा मला शांतता ऐकू आली आणि ती मुळीच बरी वाटली नाही. मीनल जमिनीकडे बघत होती. आग्नेलने हात जरासा वर केला, राहू दे अशा अर्थाने.

सुमती उठली. ताट माझ्या ओल्या हातांत दिलं, कोपेल घेतला, आग्नेलकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून मीनलला म्हणाली, "असा काय उभा केलाय त्याला? पूर्वेकडे तोंड करायला सांग."

पूर्व कुठली यावर मंडळींत वाद झाला. शेवटी मळेवाल्या म्हाताऱ्याने मक्केची दिशा सांगितली आणि तिच्या उलट वळून आम्ही पूर्व ठरवली. सुमतीने आग्नेलला कुंकू लावलं, कोपेल ठेवला. निरांजन वाऱ्यात टिकेना, तेव्हा पदराचा आडोसा धरून पेटवलं. मग ताट त्याच्या हातात दिलं. तो वाकला, तिने त्याच्या खांद्याला हात लावला. डबे असे वाजले, की खजुरांवरची पाखरं उठली. मीनल रडत होती आणि हसत होती. मला बसायला कुठे मिळतंय का ते मी बघत होतो.

आणि इथे घोटाळा झाला.

सांजांवाला जावयाला मिळालेली टोपली त्याने तिथल्या तिथे सगळ्यांना वाटायची असते. स्वतःसाठी राखली तर गावभर चिकट म्हणून नाव होतं. आग्नेल आनंदाने वेडा झालेला. त्याने निरांजन कडेला ठेवलं आणि ताट घेऊन फिरला. रव्यावरचे का असेनात, सुमतीचे अनारसे ते. ओल्या हातांनी लोकांनी ते मिटक्या मारत संपवले. व्हायोलिनवाल्याने दोन घेतले. मग आग्नेलने उडी मारली.

तो निथळत वर आला तेव्हा सुमती रिकामं ताट हातात घेऊन उभी होती.

"अनारसे?" तिने विचारलं. थेट त्याला.

"वाटले, आई. सगळ्यांका पोचले."

"तुम्ही किती खाल्ले?"

"एकपण नाय. उरलोच नाय." तो अभिमानाने हसला.

सुमतीचा चेहरा उतरला. "जावयाने खायचं असतं ते," ती म्हणाली. "मग पोचलंच नाही की."

तिने ताट पदराने पुसलं आणि बसमध्ये जाऊन बसली.

परतताना सगळे गात होते. आग्नेल मात्र मागच्या सीटवर बसला होता, कोपेल गुडघ्यावर ठेवून. त्याला वाटत होतं, दोन वर्षांनी हातात आलेलं आपण स्वतःच सांडलं. त्याने मीनलमार्फत माफी मागितली. सुमतीने ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. त्या रात्री कोणी फारसं जेवलं नाही. मुदतीचा निकाल लागला असं समजून मीही झोपलो.

शनिवार

सकाळी तुपाच्या वासाने जाग आली. स्वयंपाकघरात शेगडीची धग आणि बहारीनची धग एकत्र झालेली, आणि सुमती कढईपुढे उभी. उरलेल्या पिठाचे गोळे मोडून ती पुन्हा रव्यावर थापत होती. मी दारातूनच विचारलं, पुन्हा कशाला? तिने न वळता सांगितलं, की दिलेलं पोचलं नाही तर ते अर्धवट राहतं, आणि अर्धवट वाण मी मागे ठेवून जाणार नाही. देवळात दिलं असतं तर चाललं असतं, हे मी बोललो नाही. मुख्य म्हणजे तीही बोलली नाही.

सणाच्या दुसऱ्या दिवशी त्या इमारतीत कोणी कामावर जात नाही. आग्नेलचीही रजा होती. जेवायच्या वेळी तिने जमिनीवर सतरंजीची घडी टाकली आणि त्याला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. पूर्व आता सगळ्यांना माहीत होती. ताट समोर ठेवलं आणि स्वतः स्टूल घेऊन पुढ्यात बसली. त्याने पहिला अनारसा खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा सवयीने मीनलपुढे धरला.

"तिला नाही," सुमती म्हणाली. "हे तुझं आहे."

त्याने चमकून वर पाहिलं. मग खाली मान घालून खात राहिला. अकराव्या अनारशाला त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसाराच्या अनुभवावरून मी वर्तमानपत्र उघडलं. उरलेले संध्याकाळी आणि उद्या खाल्ले तर चालतील, अशी सूट बऱ्याच वेळाने मिळाली, पण डबा वर्कशॉपमध्ये न्यायचा नाही या अटीवर. तिथे नेला तर तू वाटशील, असं तिने तोंडावर सांगितलं. तो नाही म्हणाला नाही. हात धुऊन जो आडवा झाला तो घोरूच लागला.

आणि मग खाली पुन्हा घुमट सुरू झाला. सांजांव संपला असेल, पण एकोणतीस जूनला संत पीटरचा दिवस असतो, कोळ्यांचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुधाचे डबे, झांजा, व्हायोलिन, सगळे ताजेतवाने. मी उशी कानावर घेतली. इतक्यात दार वाजलं आणि सुमतीची पावलं जिन्याकडे गेली. ती कठड्यावरून खाली वाकून बोलत होती, आवाज चढवून, म्हणजे मला स्वच्छ ऐकू आलं.

"रोझीताई, जरा हळू घ्यायला सांगा हो त्यांना. आमचा जावई आत्ताच जेवून झोपलाय."

घुमट लगेच थांबला. मी पलीकडच्या खोलीत आठवडाभर जागा होतो, पण त्याची कुणी चौकशी केली नाही.